डोहातले दांडगे मासे : वाचकांचे प्रश्न

गोड्या पाण्यातल्या गळमासेमारीबद्दल आलेल्या पत्रांपैकी बरीचशी या वेळी एकाच विषयावर आहेत: मोठा मासा. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं खाली देत आहोत.

प्रश्न : दोन वर्षं तळ्यावर चिलापी आणि लहान रोहू गरवतो आहे. आता आपल्या भागातला सर्वांत मोठा आणि गळाला लागल्यावर सर्वांत जास्त झुंजणारा मासा धरायचा आहे. तो कोणता आणि तो कुठे शोधायचा?
– एक वाचक, पुणे जिल्हा

उत्तर : तुम्ही दोन वेगळे मासे मागताय. वजनात धरणातल्या कटल्याची बरोबरी क्वचितच कोणी करतो. जुन्या, खोल धरणात दहा किलोच्या पुढचा कटला नवलाचा नाही. पण त्याची झुंज म्हणजे भरलेलं पोतं ओढण्यासारखी. जड, संथ, लांबलचक. जोर बघायचा असेल तर महाशीर. तीन किलोचा महाशीर सहा किलोच्या कटल्यापेक्षा जास्त दमवतो, आणि त्याला कारण आहे. अंग लांबट आणि गच्च स्नायूंचं, शेपटी रुंद, आयुष्य वाहत्या पाण्यात गेलेलं. गळ टोचला की तो प्रवाहाच्या दिशेने सुटतो. मग माशाच्या जोरात पाण्याचा जोर मिसळतो आणि दोरा खडकांवर घासायला लागतो.

तुमच्याच जिल्ह्याचा या माशाशी जुना संबंध आहे. दख्खनचा महाशीर शास्त्रात पहिल्यांदा नोंदवला तो कर्नल साइक्स यांनी, १८३९ साली, पुण्याजवळच्या मुळा-मुठेच्या पात्रातून. इथले लोक त्याला ज्या नावाने हाक मारत, त्यावरूनच ‘खुद्री’ हे शास्त्रीय नाव पडलं. आज पुण्याच्या खालच्या पात्रात त्याला शोधण्यात अर्थ नाही. त्याला थंड, स्वच्छ, प्राणवायू भरपूर असलेलं पाणी आणि खाली गोटे-खडक लागतात. म्हणजे सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्यांचे वरचे टप्पे आणि त्या नद्या धरणाच्या फुगवट्याला मिळतात ती जागा. लोणावळ्याला वळवण धरणाजवळ टाटा पॉवरचं महाशीर प्रजनन केंद्र १९७०च्या दशकापासून चालू आहे. तिथली पिल्लं देशभर सोडली गेली, म्हणून मूळ पट्ट्याबाहेरही हा मासा सापडतो.

एक अपेक्षा मात्र आधीच सोडून द्या. माणसाच्या खांद्याएवढ्या महाशीराचे जुने फोटो तुम्ही पाहिले असतील. १९४६ साली कबिनी नदीत धरलेला १२० पौंडांचा मासा प्रसिद्धच आहे. पण त्या कावेरी खोऱ्यातला महाकाय, पाठीला कुबड असलेला महाशीर ही वेगळी जात. ती आज अतिसंकटग्रस्त आहे. आपल्या नद्यांत पाच किलोचा महाशीर म्हणजे मोठाच समजा.

आता जागा. नकाशावर धरण नका शोधू, नदीवरचा डोह शोधा. डोहाला तीन भाग असतात: वरून खळाळ जिथे आत पडतो ते तोंड, मधला खोल भाग आणि पाणी पुन्हा उथळ होत बाहेर पडतं ती शेपटी. दुपारी उन्हात महाशीर मधल्या खोलीत खडकाच्या आडोशाला थांबतो. तांबडं फुटताना आणि सूर्य कलल्यावर तो तोंडाशी येतो, कारण वरून वाहत येणारं खाणं तिथे सर्वांत आधी पोचतं. वेगवान आणि संथ पाण्याच्या मधली शिवण नीट बघा. फेस, पानं, काड्या ज्या रेषेत सरकतात ती रेषा. आमिष त्या रेषेच्या संथ बाजूला पडलं पाहिजे.

काठावरची झाडंही बघा. उंबर आणि जांभूळ पाण्यावर झुकलेलं असेल आणि फळं गळत असतील, तर त्या झाडाखाली गळ टाकल्याशिवाय पुढे जाऊ नका. महाशीराच्या जबड्यात दात नसतात, घशात असतात, आणि त्यांनी तो फळं, खेकडे, शिंपले सगळं भरडतो.

हंगाम दोन. पाऊस संपून पाणी निवळतं तेव्हा, ऑक्टोबर-नोव्हेंबर. आणि फेब्रुवारी ते मे, नदी आटून मासे मोजक्या डोहांत गोळा होतात तेव्हा. पावसाळ्यात हा मासा अंडी घालायला प्रवाहावर चढतो. तेव्हा त्याच्या मागे जाऊ नये, हे आमचं स्पष्ट मत आहे. आणि मे महिन्यात डोह अगदीच आटला असेल, पाणी कोमट लागत असेल, तर तिथल्या माशाच्याही मागे जाऊ नका. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो. झुंजीने दमलेला मासा पाण्यात परत सोडला तरी त्यातून सावरत नाही.

प्रश्न : नदीवर मोठा मासा लागला. ३० पौंडी ब्रेडेड (विणलेला) दोरा होता आणि ड्रॅग (किती ओढीला दोरा सुटावा हे ठरवणारा रिळाचा ब्रेक) काट्यावर मोजून ५ किलोला लावला होता. पहिल्याच धावेत त्याने निम्म्याहून जास्त रीळ रिकामं केलं आणि दोरा तुटला. ३० पौंड म्हणजे साडेतेरा किलो, मग ५ किलोच्या ओढीला तुटला कसा?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : तुमचा हिशोब रीळ भरलेलं असेपर्यंत बरोबर होता. ड्रॅगची चकती ठरावीक पीळ धरून ठेवते. दोऱ्यावर किती ओढ येईल हे मात्र त्या वेळी रिळावर दोरा किती जाड भरलेला आहे त्यावर ठरतं. दोरा उतरत जाऊन रिळाचा व्यास निम्मा झाला की तोच ड्रॅग दुप्पट ओढतो. म्हणजे तुमचे ५ किलो शेवटी १० किलोच्या जवळ गेले. त्यात पाण्यात पसरलेल्या लांब दोऱ्याला प्रवाहाची ओढ आली. गाठीत दोऱ्याची ताकद कमी होते ती वेगळीच. साडेतेरा किलो आता कागदावरच राहिले.

उपाय असा. सुरुवातीचा ड्रॅग सगळ्यांत कमकुवत दुव्याच्या पाव हिश्शावर ठेवा, तुमच्या दोऱ्याला साधारण साडेतीन किलो. मासा पळायला लागला की ड्रॅगला हात लावून तो घट्ट करायचा नाही. बहुतेकांच्या हातून इथेच चूक होते. लांब धावेत उलट तो थोडा सैल करायचा, आणि जास्तीचा दाब हवा असेल तर तळहात रिळाच्या कडेला हलका टेकवायचा. हात उचलता येतो, घट्ट केलेला ड्रॅग घाईत सैल करता येत नाही.

दोरा नक्की कशाने तुटला हे त्याच्या टोकावरून कळतं. ते टोक फेकून दिलं नसेल तर भिंगाखाली बघा. टोक डुकराच्या शेपटीसारखं कुरळं असेल तर गाठ सरकून सुटली. अगदी सरळ तुटलेलं असेल तर गाठीवर दाब येऊन ती तुटली. बोटभर लांबीत दोरा पिंजल्यासारखा दिसत असेल तर खडकाने खाल्ला. पहिल्या कारणाला उपाय म्हणजे गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करणं आणि फेरे वाढवणं. ब्रेडेड दोरा गुळगुळीत असतो. दोन दोरे जोडायच्या डबल युनी गाठीत मोनोच्या (साध्या एकसंध नायलॉन दोऱ्याच्या) बाजूने पाच फेरे घेत असाल तर ब्रेडच्या बाजूने आठ घ्या. तिसऱ्या कारणाला उपाय लीडर, म्हणजे मुख्य दोऱ्याच्या टोकाला जोडायचा जाड तुकडा. ब्रेडला खडक अजिबात सोसत नाही, म्हणून टोकाला ०.५० ते ०.६० मिलिमीटर जाडीचा मोनो किंवा फ्लुरोकार्बन दीड-दोन मीटर लावा. प्रत्येक माशानंतर लीडर दोन बोटांच्या चिमटीतून ओढून बघा. नखाला खरखर लागली की तेवढा तुकडा कापून नव्याने गाठ मारा.

आणखी एक. रीळ भरताना ब्रेडच्या खाली दहा-पंधरा वेढे मोनोचे घ्या. नाहीतर जोराच्या ओढीत सगळा ब्रेड रिळावर गोल फिरतो आणि ड्रॅगच बिघडला असं वाटतं.

प्रश्न : महाशीरासाठी नाचणीच्या पिठाचा गोळा वापरतात असं वाचलं. माझा गोळा पाण्यात दोन मिनिटांत विरघळतो. काय चुकतं?
– एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : पीठ नुसतं कालवून भागत नाही, गोळा उकडायला लागतो. अर्धा किलो नाचणीच्या पिठात गरम पाणी थोडं थोडं घालत भाकरीच्या पिठापेक्षा घट्ट मळा. संत्र्याएवढे गोळे करून उकळत्या पाण्यात वीस मिनिटं सोडा. बाहेर काढल्यावर वरचा थर रबरासारखा आणि आतला मऊ असेल. कोमट असतानाच दोन्ही एकत्र करून पुन्हा जोर लावून मळा. या दुसऱ्या मळणीने चिकटपणा येतो, आणि लोक नेमकी तीच टाळतात. तयार गोळा बोटाने दाबला तर खळगा पडला पाहिजे, पण बोटाला पीठ चिकटता कामा नये. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलात तर दिवसभर टिकतो.

३/० मापाच्या गळावर लिंबाएवढा गोळा लावा. गळाचं टोक पिठाच्या अगदी पृष्ठभागाखाली असू द्या. ते खोल गेलं तर झटका दिल्यावर पिठातच अडकतं. गळ जाड तारेचा आणि एकेरी घ्या. महाशीराच्या तोंडात इतका दाब असतो की स्वस्त, बारीक तारेचे तिहेरी गळ तो चपटे करतो. शिसं प्रवाहाप्रमाणे २० ते ४० ग्रॅम. ते मुख्य दोऱ्यावर थेट न ओवता हलक्या, पाच-सहा पौंडी दोऱ्याच्या तुकड्याने लोंबकळतं बांधा. खडकात शिसं अडकलं तर तेवढाच तुकडा तुटेल, मासा राहील.

लहान मासे गोळा टोचतात तेव्हा काठीचं टोक टुकटुक हलतं. त्या वेळी हात आवरा. महाशीर आला की टुकटुक नसते, काठी सरळ वाकते.

प्रश्न : धरणावर कटला पाण्याच्या वर उसळ्या मारताना दिसतो, पण माझ्या तळाला टाकलेल्या गळाला कधीच लागत नाही. आमिष बदलू का?
– एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : आमिषाआधी खोली बदला. कटल्याचं तोंड बघा: खालचा जबडा पुढे आलेला, तोंड वर वळलेलं, मिशा नाहीत. तो पाण्याच्या वरच्या आणि मधल्या थरातले सूक्ष्म जीव गाळून खातो. तळाला मृगळ चरतो, मधे रोहू. तुमचा गळ मृगळाच्या ताटात पडतोय.

तरंगा लावून सकाळी दीड-दोन मीटर खोलीवर सुरुवात करा आणि ऊन चढेल तसं अर्ध्या मीटरने खाली जा. कटल्याला गिळायला घट्ट गोळा नको, ओढून घ्यायला ढग हवा. शेंगदाण्याची पेंड कुटून अर्धा किलो, भाताचा बारीक कोंडा पाव किलो, भाजलेलं बेसन पाव किलो. पाणी शिंपडत शिंपडत हे ओलं करायचं, मुठीत दाबल्यावर जेमतेम लाडू वळेल इतकंच. काठावर बादलीभर पाण्यात एक लाडू सोडून तपासा. दोन-तीन मिनिटांत कडा सुटायला लागल्या आणि पंधरा-वीस मिनिटांत लाडू पूर्ण फुटला तर मिश्रण जमलं. तासभर तसाच राहिला तर कोंडा वाढवा. टाकतानाच हवेत फुटला तर चमचाभर मैदा घाला.

लाडू स्प्रिंगवर (आमिष धरायच्या तारेच्या वेटोळ्यावर) दाबून बसवा. ४ किंवा ६ नंबरचे दोन छोटे गळ दहा सेंटिमीटरच्या मऊ दोऱ्यावर बाजूला सोडा आणि प्रत्येकाला थर्माकोलचा एक बारीक मणी ओवा. मण्यामुळे गळ लोंबत नाही, ढगातच तरंगतो आणि पाण्याबरोबर तोंडात ओढला जातो. काही जण सहा-सहा गळ लावतात. दोन पुरतात. जास्तीचे गळ माशाच्या डोळ्यात आणि कल्ल्यात रुततात. कटल्याचे ओठ मऊ असतात, म्हणून झटका नको. तरंगा बुडाला की काठी फक्त उचलायची. दर पंधरा मिनिटांनी, काही लागलं नाही तरी, लाडू त्याच जागी पुन्हा टाकत राहा. जागा बदलत बसलात तर मासे गोळा होत नाहीत.

प्रश्न : आमच्याकडे नदी नाही, मामा (माजी मालगुजारी) तलाव आहेत. इथे झुंजीचा मासा कोणता?
– एक वाचक, भंडारा जिल्हा

उत्तर : मरळ! आणि तो शोधणं महाशीरापेक्षा सोपं, कारण तो स्वतःच पत्ता सांगतो. मरळीला कल्ल्यांचा श्वास पुरत नाही, ठरावीक वेळाने वर येऊन हवा घ्यावीच लागते. सकाळी वारा पडलेला असताना कमळाच्या पानांच्या आणि गवताच्या कडेला अर्धा तास शांत उभे राहा. ‘गुळुक्’ असा आवाज आणि मागे एक-दोन बुडबुडे दिसले की जागा लक्षात ठेवा. मासा तिथून फार लांब जात नाही.

इथे महाशीराचे सगळे नियम उलटे. महाशीराला पळू द्यायचं, मरळीला अजिबात नाही. दोन मीटर पळाली तरी ती देठांमध्ये घुसते आणि दोरा गुंडाळून बसते. म्हणून सात फुटी ताठ काठी, ४० ते ५० पौंडी ब्रेड आणि ड्रॅग जवळजवळ बंद. पोकळ रबरी बेडूक पानांवर टाका, ओढत पानाच्या कडेला आणा, तिथून पाण्यात टपकू द्या आणि थांबवा. पाणी उसळलं की लगेच काठी मारू नका, बेडूक तोंडाबाहेर निघून येतो. ‘एक, दोन’ म्हणा, दोऱ्याला वजन लागू द्या, मग जोरात मारा आणि मासा वर येईपर्यंत थांबू नका.

पावसाळ्यात पाण्यावर लालसर-नारिंगी पिल्लांचा थवा एकत्र उकळल्यासारखा दिसतो. त्याच्या खाली आई-बाप राखणीला असतात आणि जवळ आलेल्या कशावरही धावून जातात. तिथे गळ टाकला तर मासा हमखास लागेल, म्हणूनच टाकू नका. राखणदार गेला की तो थवा इतर माशांचं खाद्य होतो.

प्रश्न : धरणाच्या पाण्यात गळ टाकायला परवानगी लागते का?
– तीन वाचकांचा सारखाच प्रश्न

उत्तर : हो. बहुतेक जलाशयांतल्या मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. संस्थेला विचारा, आणि ठेका कुणाकडे आहे हेच माहीत नसेल तर जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात चौकशी करा. अभयारण्याच्या किंवा राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतलं पाणी पूर्ण वर्ज्य. कोयना, चांदोली, राधानगरी, पेंचमधलं तोतलाडोह इथे हद्द कुठून सुरू होते हे वनखात्याकडून कळल्याशिवाय पिशवीतून काठीसुद्धा काढू नका. वाडा तालुक्यात वैतरणेवरचं तिळसे, महाडजवळची वाळणकोंड यांसारख्या देवाच्या डोहांत महाशीर लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेत. तिथे काठावर बसून मासा कसा फिरतो, कुठे थांबतो हे बघा; शिकायला त्याहून चांगली जागा नाही.

वीजगृहाच्या खालच्या पात्रात जाणार असाल, भिऱ्याखालची कुंडलिका घ्या, तर पाणी केव्हा सोडतात हे आधी गावात विचारा. पोचल्यावर पाण्याच्या कडेला बरोब्बर रेषेवर एक पांढरा दगड ठेवा आणि दर दहा मिनिटांनी त्याच्याकडे बघा. दगड भिजला, किंवा स्वच्छ पाण्यात अचानक काडीकचरा वाहत यायला लागला, की सामान गोळा करत बसू नका, काठ चढा. मधल्या खडकावर उभं राहून गरवणं या नद्यांवर कधीच नाही.

प्रश्न : मासा सोडून द्यायचा, पण वजन आणि जात नक्की कळायला हवी. काट्याला टांगलं तर इजा होते म्हणतात. मग काय करावं?
– एक वाचक, नाशिक जिल्हा

उत्तर : टांगू नकाच. मोठ्या माशाचं वजन पाण्यात पाणीच तोलून धरतं. जबड्याने उभा टांगला की तो सगळा भार कण्यावर आणि आतल्या अवयवांवर येतो. वरून तडफडत पोहत गेलेला मासा नंतर मरू शकतो.

शिवणकामाची मऊ टेप जवळ ठेवा. मासा बिनगाठीच्या, रबरी जाळीत, पाण्यातच ठेवून दोन मापं घ्या: तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत लांबी आणि पाठीच्या पराच्या पुढे अंगाचा घेर, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराला घेराने गुणा, त्याला लांबीने गुणा आणि २९,००० ने भागा. ९० सेंटिमीटर लांब आणि ५० घेर असेल तर पावणेआठ किलोच्या आसपास. हा अंदाज आहे, पण काठावरच्या डोळ्यांपेक्षा खूपच खरा.

जात ओळखायला खवले मोजा. कल्ल्याच्या मागून शेपटीपर्यंत अंगाच्या मधोमध बारीक ठिपक्यांची रेष जाते, तिच्यावरचे. महाशीराचे खवले नाण्यासारखे मोठे, म्हणून ते पंचवीसच्या आसपास भरतात. रोहू, कटला, मृगळ यांचे चाळीस किंवा जास्त. महाशीराला शिवाय जाड ओठ आणि मिशांच्या दोन जोड्याही असतात. फोटो काढला तर तोच मोजायला पुरतो, मासा ताटकळत ठेवू नका.

गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा आधीच पक्कडीने दाबून टाकलेला असेल तर गळ एका हाताने निघतो. हात ओले करून एक शेपटीच्या मुळाशी, दुसरा पोटाखाली. पाण्याबाहेर काढायचाच असेल तर तुम्ही स्वतः श्वास रोखून धराल तेवढाच वेळ. मग तोंड प्रवाहाकडे करून संथ पाण्यात धरा. पुढे-मागे हलवू नका, मागे ढकललं की पाणी कल्ल्यांत उलटं शिरतं. कल्ले एका लयीत उघडझाप करायला लागतील, अंग हातात सरळ राहील. मोठ्या माशाला पाच मिनिटंसुद्धा लागतात. शेपटीवरची पकड तेव्हाही सोडायची नाही. तो स्वतः झटका देऊन हातातून सुटेल.